लाडानं मरणारं रोप : व्हीनस फ्लायट्रॅपबद्दल वाचकांचे प्रश्न

व्हीनस फ्लायट्रॅप म्हणजे पानांच्या टोकाला असलेल्या सापळ्यांत किडे पकडून खाणारं झाड. त्याबद्दल आलेल्या पत्रांपैकी निवडक पत्रं या वेळी घेतली आहेत. बहुतेकांची तक्रार एकच : आणलं तेव्हा रोप टवटवीत होतं, महिन्याभरात काळं पडलं. पत्रं वाचताना ध्यानात येतं, की दुर्लक्षामुळे गेलेली रोपं थोडी आणि खतपाणी घालून मारलेली जास्त आहेत.

प्रश्न : ऑनलाइन मागवलेलं रोप आल्या दिवशीच मातीच्या कुंडीत लावलं. निम्मी तांबडी माती, निम्मं कुजलेलं शेणखत आणि मूठभर निंबोळी पेंड. बोअरचं पाणी रोज घालतो. पंधरा दिवसांत पानांच्या कडा करपल्या, आता मधला कोंबही काळा पडतोय. वाचेल का?
– एक वाचक, नंदगड (ता. खानापूर)

उत्तर : आजच्या आज त्या कुंडीतून काढलंत तर वाचण्याची शक्यता आहे. तुम्ही केलं ते वांग्या-मिरचीला उत्तम होतं. या रोपाला मात्र ते विष आहे.

फ्लायट्रॅप मूळचा अमेरिकेतला, तोही उत्तर आणि दक्षिण कॅरोलिना या राज्यांच्या किनारपट्टीतल्या एका छोट्या पट्ट्यातला. तिथली जमीन वाळूची, आंबट, कायम ओली आणि नत्राच्या बाबतीत जवळजवळ उपाशी. नत्र मातीतून मिळत नाही म्हणून या झाडानं ते किड्यांतून घ्यायची सोय केली. मुळांकडे मुख्यतः पाणी ओढायचं काम उरलं. अशा मुळांभोवती शेणखतातले आणि बोअरच्या पाण्यातले क्षार साठले, की मुळांना पाणी ओढणं अवघड होतं आणि ती भाजतात. कुंडी ओली असूनही झाड आतून तहानेलं राहतं. कडा करपतात त्या यामुळेच.

रोप मातीच्या गोळ्यासकट उचला आणि स्वच्छ, बिनक्षाराच्या पाण्यात बुडवून माती सोडवा. मुळं काळी दिसली म्हणून घाबरू नका. फ्लायट्रॅपची निरोगी मुळंही काळीच असतात, फक्त टोकं पांढरी. बघायचा तो गड्डा, म्हणजे पानांच्या देठांचे जाडसर पांढरे बुडखे जिथं एकत्र येतात तो भाग. बोटांनी हलकं दाबा. घट्ट आणि पांढरा असेल तर झाड जिवंत आहे. तपकिरी, पिचपिचीत झालेला भाग स्वच्छ ब्लेडनं पांढरं लागेपर्यंत कापून टाका. पूर्ण काळी झालेली पानंही कात्रीनं काढा.

नवं मिश्रण असं : स्फॅग्नम पीट मॉस (स्फॅग्नम नावाच्या शेवाळाचा दलदलीत अर्धवट कुजलेला भुसा) एक भाग, परलाइट (फुलवलेले पांढरे, हलके खडे) एक भाग, वजनावर नव्हे तर मापानं. पीटच्या पिशवीवर 'खत मिसळलेलं' किंवा 'चुना घालून सामू (पीएच) सुधारलेला' असं काही लिहिलेलं असेल तर ती घेऊ नका. रोपवाटिकांसाठी विकलं जाणारं बरंचसं पीट असंच असतं आणि बरीच रोपं तिथंच फसतात. परलाइट दोन-तीनदा धुवून घ्या, म्हणजे त्यातली भुकटी निघून जाते. कोरडं पीट पाणी धरत नाही, वर तरंगत राहतं. कोमट बिनक्षाराच्या पाण्यात काही तास भिजवून हातानं कालवा. मूठ दाबली की दोन-चार थेंब गळावेत इतकं ओलं हवं.

कुंडी प्लॅस्टिकची, १० ते १२ सेंटिमीटर खोल, बुडाला भोकं असलेली. मातीची नको. ती ओल उडवते आणि तिच्या अंगातले क्षार हळूहळू आत सोडते. रोप लावताना पांढरा गड्डा मिश्रणाखाली आणि कोंब बरोबर पृष्ठभागावर ठेवा. कोंब पुरला गेला तर कुजतो. मग कुंडी ताटलीत ठेवून ताटलीत एक-दीड सेंटिमीटर पाणी भरा. पहिले दोन आठवडे उजेडाच्या सावलीत, नंतर हळूहळू उन्हात. सगळी जुनी पानं गेली तरी कुंडी फेकू नका. गड्डा शाबूत असेल तर तीन ते सहा आठवड्यांत मधून बारीक गुंडाळलेलं हिरवं पान वर येतं.

प्रश्न : बिनक्षाराचं पाणी आणायचं कुठून? आमच्याकडं बोअर आणि नळ दोन्ही आहेत. पाणी उकळून, गार करून घातलं तर? घरातल्या फिल्टरचं चालेल का?
– एक वाचक, चिकोडी

उत्तर : उकळल्यानं जंतू मरतात, क्षार जात नाहीत. उलट पाणी आटतं तसे उरलेल्या पाण्यात विरघळलेले बरेचसे क्षार दाट होतात. कँडलचा आणि यूव्ही फिल्टरही क्षार काढत नाही. आरओ काढतो, पण घरच्या बऱ्याच मशीनमध्ये चवीसाठी थोडे क्षार परत मिसळायची सोय असते. त्यामुळे 'आरओ आहे' एवढ्यावर विसंबू नका. खिशात मावणारा टीडीएस मीटर, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारं यंत्र, घ्या. बागेसाठी घेतलेल्या कुठल्याही वस्तूपेक्षा त्याचा उपयोग जास्त होईल. आकडा ५० पीपीएमच्या (दहा लाख भागांत ५० भाग) आत असेल तर पाणी चांगलं. ५० ते १०० चं पाणी अडीनडीला चालतं, पण मग दर महिन्याला वरून भरपूर स्वच्छ पाणी ओतून कुंडी धुवावी लागते. त्यापुढचं नको. २० लिटरच्या जारचं पाणीही मोजूनच घ्या, कारण नाव एकच असलं तरी प्लँटगणिक आकडा बदलतो.

एसीच्या नळीतून ठिबकणारं पाणी मुळात वाफेचं असतं, त्यामुळे मीटरवर आकडा कमी आला तर वापरा. बॅटरीसाठी मिळणारं डिस्टिल्ड वॉटरही चालतं. बाटलीवर नीट वाचून घ्या, कारण दुकानात त्याच फळीवर अ‍ॅसिडची बाटलीही असते.

सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात चांगलं पाणी मात्र जून ते सप्टेंबर वरून पडतं. पहिले दोन-चार पाऊस जाऊ द्या, छपरावरची धूळ धुऊन जाऊ दे. मग कौलाच्या पन्हाळीखाली स्वच्छ प्लॅस्टिकचा ड्रम लावा. सिमेंटच्या पत्र्यावरून आलेलं पाणी शक्यतो टाळा, नव्या पत्र्यावरून चुना उतरतो. ड्रमला झाकण आणि झाकणाखाली बारीक मलमल, म्हणजे डासांची अंडी नकोत आणि ऊन न लागल्यानं शेवाळही धरत नाही. एका कुंडीला वर्षभराचा हिशेब धरून दिवसाला सरासरी ५० मिलिलिटर पाणी लागतं असं माना. ऑक्टोबर ते मे या आठ महिन्यांना १२ लिटर झाले. उन्हाळ्यातली चढती गरज धरूनही पाच कुंड्यांना १०० लिटरचा एक ड्रम पुरून उरतो. दिसेल ते भांडं भरून ठेवायची गरज नाही.

प्रश्न : पीट मॉस महाग पडतं. उसाच्या रोपवाटिकेत कोकोपीट स्वस्तात मिळतं, तेच वापरलं तर?
– एक वाचक, संकेश्वर

उत्तर : आम्ही वापरू नका असंच सांगू. नारळाच्या काथ्यात सोडियम आणि पोटॅशियम भरपूर असतं. रोपवाटिकेचं 'धुतलेलं' कोकोपीट पुष्कळदा कॅल्शियम नायट्रेटच्या द्रावणात भिजवून तयार केलेलं असतं, म्हणजे त्यात वरून खत आलंच. शुद्ध पाण्यात पुन्हा पुन्हा भिजवून, निथळलेल्या पाण्याचा टीडीएस ५० च्या आत येईपर्यंत धुता येतं. पण त्याला जितकं पाणी जाईल त्यात पीटची किंमत वसूल होते. एका कुंडीला जेमतेम अर्धा लिटर पीट लागतं, तिथं काटकसर नको.

प्रश्न : काका, मी सातवीत आहे. माझा फ्लायट्रॅप बोट लावलं की मिटतो. मी सगळ्यांना दाखवतो. आता तो मिटायला खूप वेळ लावतो आणि दोन सापळे काळे झाले. मी त्याला पनीर आणि चिकनचा तुकडा दिला होता. त्याला काय खायला देऊ?
– एक विद्यार्थी, शहापूर, बेळगाव

उत्तर : पनीर आणि चिकन आजपासून बंद. त्यातली चरबी त्याला पचत नाही, तुकडा आतच सडतो आणि सापळा घेऊन जातो.

आता एक भिंग घे आणि उघड्या सापळ्यात बघ. दोन्ही पाकळ्यांच्या आतल्या बाजूला बहुधा तीन-तीन बारीक केस उभे दिसतील. एका केसाला एकदा धक्का लागला तर काहीच होत नाही. साधारण वीस सेकंदांच्या आत दुसरा धक्का लागला, तरच सापळा मिटतो आणि तोही सेकंदाच्या दहाव्या भागात. पावसाचा एखादा थेंब किंवा उडत आलेलं पान पडलं तर फुकट मिटायला नको, म्हणून ही व्यवस्था. मिटल्यावरही तो लगेच घट्ट होत नाही. कडेचे दात एकमेकांत अडकतात, पण फटी राहतात आणि त्यातून बारकी मुंगी निसटते. आत अडकलेला किडा धडपडत राहिला, केसांना पुन्हा पुन्हा लागत राहिला, तरच कडा चिकटून बंद होतात आणि पाचक रस सुटतो. पाच ते बारा दिवसांनी सापळा उघडतो तेव्हा आत माशीचं नुसतं पोकळ टरफल पडलेलं असतं, पंखांसकट.

तू बोट लावतोस तेव्हा तो मिटतो, हाती काही लागत नाही, दुसऱ्या दिवशी परत उघडतो. या उघडझापीला त्याची ताकद जाते आणि मिळकत शून्य. एका सापळ्याच्या आयुष्यात अशा मोजक्याच खेपा असतात. म्हणून तो आता मंदावलाय. मित्रांना दाखवायचंच असेल तर महिन्यातून एकदा, खरी माशी देताना दाखव.

माशी सापळ्याच्या एक तृतीयांश आकाराची असावी. मोठा किडा बाहेर डोकावत राहिला तर कडा बंद होत नाहीत आणि सापळा कुजतो. मेलेली माशी दिलीस तर ती धडपडणार नाही, तेव्हा सापळा मिटल्यावर दोन बोटांनी बाहेरून अगदी हलकं, अर्धा मिनिट थांबून थांबून दाबत राहा. फवारा मारून मारलेली माशी कधीच देऊ नको. एका झाडाला महिन्याला एक-दोन माश्या भरपूर झाल्या. बाहेर उन्हात ठेवलंस तर तो स्वतःच पकडतो, तुला काही करावं लागत नाही. काळे झालेले सापळे कापून टाक. जुनं पान काळं पडून जाणं आणि मधून नवं येणं हे त्याचं नेहमीचंच आहे.

प्रश्न : डास कमी होतील म्हणून तीन रोपं बेडरूममध्ये ठेवली. फरक पडला नाही.
– एक वाचक, हुक्केरी

उत्तर : पडणारही नाही. डास कधीतरी चुकून सापडतो, एवढंच. रोपं बाहेर उन्हात काढा आणि खिडकीला जाळी लावा.

प्रश्न : अथणीत एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीला टेकतो. रोप सुकू नये म्हणून काचेच्या बंद बरणीत, हॉलमध्ये ठेवलं आहे. पानं लांबुळकी, फिकट झाली आहेत, सापळे लाल होत नाहीत, मातीवर बुरशी आली आहे.
– एक वाचक, अथणी

उत्तर : बरणीतून बाहेर काढा. दमट बंद हवा फ्लायट्रॅपला लागते हा समज बरणीत सजवून विकणाऱ्यांनी पसरवला आहे. त्याला लागतं ते ऊन. हॉलमध्ये आपल्या डोळ्यांना लख्ख वाटतं तेवढ्यावर त्याचं भागत नाही. लांब, लोळणारी पानं, हिरवेच राहिलेले सापळे आणि मंद मिटणं ही उजेड कमी पडल्याची खूण आहे. काही जाती कितीही उन्हात हिरव्याच राहतात, पण बाजारात मिळणारी साधी रोपं पुरेशा उन्हात आतून तांबूस व्हायला हवीत. हीच बरणी उन्हात ठेवलीत तर तासाभरात आत शिजेल.

रोज चार ते सहा तास थेट ऊन हवं, शक्यतो सकाळचं. आठवड्याभरात एकदम नव्हे. पहिल्या दिवशी तासभर, मग दर दोन-तीन दिवसांनी तासाभरानं वाढवत दोन-अडीच आठवड्यांत पूर्ण. बरणीतली कोवळी पानं बाहेरच्या उन्हात थोडी करपतील, नवी येतील ती ऊन सोसणारी असतील.

तुमच्याकडचा उन्हाळा तो सोसतो, पाणी आणि मुळांचा गारवा सांभाळला तर. दुपारी बारा ते चार ३० ते ५० टक्क्यांची शेडनेट. कुंडी पांढरी, काळी नको. गच्चीच्या तापलेल्या फरशीवर थेट ठेवू नका. त्याहून चांगलं म्हणजे कुंडी ताटलीऐवजी एका प्लॅस्टिकच्या डब्यात ठेवा आणि तो डबा मोठ्या मातीच्या कुंडीत. डबा आणि मातीची कुंडी यांच्यामधली पोकळी वाळूनं भरून ती ओली ठेवा. या वाळूला बोअरचं पाणी चालेल, ते डब्यात जाणार नाही एवढं बघा. माठासारखा गारवा मुळांना मिळतो. डब्यात दोन-तीन सेंटिमीटर शुद्ध पाणी असू द्या. मे महिन्यात एक दिवसही कोरडं पडू देऊ नका.

प्रश्न : डिसेंबरपासून झाड खुरटलं आहे. पानं छोटी, जमिनीसरशी, निम्मे सापळे काळे. खत हवं का? फ्रिजमध्ये ठेवावं असं कुणी सांगितलं, ते खरं की थट्टा?
– एक वाचक, टिळकवाडी, बेळगाव

उत्तर : खत नको, कुठलंच नको. ना एनपीके, ना जीवामृत, ना चहाचा चोथा, ना तांदळाचं धुवण. झाड झोपलं आहे. मायदेशी त्याला तीन-चार महिने चांगली थंडी मिळते आणि दिवस दहा तासांच्याही आत येतो. बेळगावला सगळ्यात लहान दिवसही अकरा तासांवर असतो आणि रात्री साधारण १४ अंशांच्या आसपास रेंगाळतात. त्यामुळे आपल्याकडची त्याची झोप अर्धवट असते. पुरेशी विश्रांती न मिळालेलं झाड एकदम मरत नाही, वर्षागणिक खंगत जातं.

फ्रिजची गोष्ट खरी आहे, पण पहिल्याच वर्षी धावू नका. नोव्हेंबर ते फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत कुंडी उघड्या अंगणात किंवा गच्चीवर, रात्रीचा गारठा लागेल अशी ठेवा. घरात घेऊ नका. ताटलीतलं पाणी काढून मिश्रण नुसतं ओलसर राहील इतकंच पाणी द्या. माश्या देऊ नका. काळी पानं काढत राहा, कारण थंड ओलीत राखाडी बुरशी आधी मेल्या पानावर बसते आणि मग कोंबात शिरते. बेळगाव-खानापूर भागात बऱ्याच झाडांना एवढं पुरतं. वसंतात जोमदार पानं आली तर फ्रिजची गरज नाही.

दोन वर्षं झाड लहान-लहान होत गेलं तर डिसेंबरमध्ये हे करा. गड्डा काढून मुळांसकट शुद्ध पाण्यात धुवा, काळी पानं मुळाशी कापा. पाण्यात विरघळणारं गंधक पाकिटावर लिहिलेल्या मात्रेत कालवून त्यात बुडवून काढा आणि निथळू द्या. मग घट्ट पिळलेल्या लांब धाग्याच्या स्फॅग्नम मॉसमध्ये (म्हणजे न कुजलेल्या, वाळवलेल्या शेवाळात) गुंडाळून झिपच्या पिशवीत घाला, तारीख लिहा आणि फ्रिजच्या भाजीच्या कप्प्यात ठेवा. तापमान ३ ते ७ अंश. बर्फाच्या कप्प्यात चुकूनही नको. केळी-सफरचंदांपासून दूर ठेवा आणि घरच्यांना सांगून ठेवा, नाहीतर कोथिंबिरीबरोबर टाकून दिलं जाईल. दर पंधरा दिवसांनी उघडून बुरशी बघा. आठ ते दहा आठवड्यांनी काढून नव्या मिश्रणात लावा. मिश्रण बदलायची आणि बाजूला फुटलेले गड्डे मुळांसकट सोडवून वेगळे लावायची वेळही हीच, म्हणजे फेब्रुवारी. एरवीही वर्ष-दोन वर्षांनी मिश्रण बदलावंच लागतं, पीट बसत जातं आणि क्षार साठतात.

प्रश्न : नवी पानं वाकडी, मुरगळलेली येतात. मावा असावा. आमच्याकडं तंबाखूचं पाणी मारायची पद्धत आहे. मारू का?
– एक वाचक, निपाणी

उत्तर : मावाच असेल, कोंबाच्या घडीत भिंगानं बघा. तंबाखूचं पाणी नको. निकोटिन माणसालाही घातक आहे आणि काढ्यातले क्षार कुंडीत उतरतात ते वेगळंच. साबणाचं पाणीही नको. कुंडीसकट अख्खं झाड शुद्ध पाण्याच्या बादलीत बुडवा, वर तरंगू नये म्हणून मिश्रणावर जाळीचा तुकडा आणि धुतलेला खडा ठेवा. सावलीत २४ ते ४८ तास. मावा गुदमरतो, झाडाला काही होत नाही. आठ दिवसांनी पुन्हा एकदा करा, घडीत वाचलेली पिल्लं तेव्हा जातात. उन्हाळ्यात पानांवर बारीक ठिपके आणि जाळं दिसलं तर तो लाल कोळी. त्यालाही हाच उपाय आधी करून बघा.

प्रश्न : कारवारच्या पावसात बाहेर ठेवलं तर कुजेल का?
– एक वाचक, कारवार

उत्तर : पावसानं कुजत नाही. दिवसेंदिवस ऊन नाही, वारा नाही आणि कोंब पाण्याखाली, यानं कुजतं. झड लागली की ताटली काढून घ्या, कुंडी वळचणीच्या बाहेरच्या कडेला, उजेडात आणि वाऱ्यावर ठेवा. पागोळ्या थेट कोंबावर पडू देऊ नका. रात्री गोगलगायी बघा. थंडी तुमच्याकडे नावालाच असते, तेव्हा वर सांगितलेला फ्रिजचा मार्ग तुम्हाला बहुधा लागेल.

प्रश्न : चोर्ल्याच्या आणि आंबोलीच्या सड्यावर (कातळाच्या पठारावर) किडे खाणारी झाडं आपोआप उगवतात म्हणे. ती आणून कुंडीत लावली तर?
– एक वाचक, जांबोटी

उत्तर : उगवतात. लाल, चिकट थेंबांचा ड्रॉसेरा म्हणजे दवबिंदू हा फ्लायट्रॅपच्याच कुळातला. सड्यावर निळी-जांभळी पसरणारी सीतेची आसवं हीसुद्धा कीटकभक्षी, तिचे सापळे ओल्या मातीतल्या बारीक पिशव्या असतात. जांभ्याच्या कातळावर मातीचा पातळ थर, तोही पावसानं धुतलेला आणि बिनखताचा, म्हणून ती तिथं टिकतात. उपटून आणू नका. मुळं नाजूक असतात, यातल्या बऱ्याच जाती पावसाळ्यापुरत्याच जगतात आणि फुलोऱ्याआधी उपटलेलं प्रत्येक झाड म्हणजे पुढच्या वर्षीचं बी गेलं. भीमगड अभयारण्याच्या हद्दीत तर परवानगीशिवाय झाड उपटणं गुन्हाच आहे. जुलै-ऑगस्टमध्ये जाऊन गुडघ्यावर बसून बघा आणि ती कसल्या जागी उगवतात तेवढं ध्यानात ठेवा. तुमच्या फ्लायट्रॅपच्या कुंडीत तशीच जागा तयार करायची आहे.

प्रश्न : मधून उंच दांडी येतेय. कळी वाटते. ठेवू की कापू? शिवाय ऑनलाइन निळ्या फ्लायट्रॅपचं बी दिसलं, घ्यावं का?
– एक वाचक, हल्याळ

उत्तर : पानाचा कोंब चपटा असतो आणि टोकाला चिमुकला मिटलेला सापळा दिसतो. फुलाची दांडी गोल, गुळगुळीत, सरळ वर जाणारी. झाड लहान किंवा नुकतं आजारातून उठलेलं असेल तर दांडी तीन-पाच सेंटिमीटरची झाली की कापा, फुलायला झाडाची बरीच शक्ती जाते. कापलेली दांडी ओल्या स्फॅग्नममध्ये खोचून ठेवली तर कधी कधी तिच्या बुडाशी बारीक रोपं फुटतात. झाड दणकट असेल तर फुलू द्या. एका फुलातले पराग दुसऱ्या फुलाच्या ताज्या, तुऱ्यासारख्या फुललेल्या टोकाला मऊ कुंचल्यानं लावा. महिना-दीड महिन्यात काळं चकचकीत बी मिळेल. ते ओल्या पीटवर नुसतं पेरा, वर माती घालू नका. दोन ते पाच आठवड्यांत उगवतं, पण पूर्ण वाढीचं झाड व्हायला तीन-चार वर्षं लागतात.

निळा फ्लायट्रॅप अस्तित्वात नाही. चित्र रंगवलेलं असतं आणि पाकिटात कसलंही बी येतं. पहिलंच झाड घेत असाल तर बी नको, मुळांसकट जिवंत रोप घ्या.